एक्केचाळीस सेकंदांची शांतता

तिला घरात सगळे मनकवडी म्हणत. नाव भावाने पाडलेलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेश मिळाला त्या दिवशी तो म्हणाला, "झालं! आता आपल्या मनात काय चाललंय ते हिला आधीच कळणार. आई, खाऊचे डबे दुसरीकडे लपव." तिने शंभरदा समजावून सांगितलं की मन ओळखणं हे आमचं काम नाही, ऐकणं हे आमचं काम आहे. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. आणि मला विचाराल तर त्या वर्षी तिने नेमकं ऐकायचंच सोडून दिलं, म्हणून तर हे सगळं रामायण घडलं.

अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष होतं आणि प्रबंध पुरा करायचा होता. विषय तिने स्वतः निवडला होता. जवळचं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना त्याची चाहूल लागते का, लागली तर कशी, आणि त्याबद्दल ते कोणाजवळ बोलतात का. मार्गदर्शक मॅडमनी आकडा ठरवून दिला होता, बारा माणसं. बारा लांबलचक मुलाखती, ध्वनिमुद्रित केलेल्या, शब्दन् शब्द उतरवून काढलेल्या. एक तासाची मुलाखत उतरवायला सहा तास लागतात, पोरीचे नाकी नऊ आले होते. नुसते शब्द लिहून भागत नाही. माणूस हसला तर तेही लिहायचं, आवाज कापला तर तेही, आणि गप्प बसला तर किती सेकंद गप्प बसला ते कंसात घालायचं.

अकरा मुलाखती झाल्या होत्या. एक बँकेतला कारकून होता, त्याला सकाळी न्हाणीघरात मोठ्या भावाच्या साबणाचा वास यायचा. एक ड्रायव्हर होता, त्याच्या गाडीची मागची सीट अधूनमधून जड व्हायची, बायको बसायची तेवढीच जड. यांतलं कोणीही वेडं नव्हतं. चांगली नोकरीधंदा करणारी, विजेचं बिल वेळेवर भरणारी माणसं होती. प्रबंधाचा मुद्दाच तो होता.

बारावी होती शिवणवाली मावशी. सत्तरी ओलांडलेली, सगळं आयुष्य शिवणयंत्रावर काढलेली, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. ती संमतीपत्रावर सही करायला स्वतः विभागात आली होती. एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि मग चष्म्यावरून बघत बारीक आवाजात म्हणाली, "का गं, मी बोलता बोलता मध्येच गप्प झाले तर चालेल ना?"

"चालेल की मावशी. गप्प बसणंही आम्ही लिहून घेतो. सेकंद मोजून."

"अगं बाई!" मावशी खुदकन हसली. "मी जन्मभर टाके मोजले, तू शांतता मोज. पण लवकर ये हो. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. लेकीलासुद्धा नाही."

मंगळवार ठरला, सकाळी अकरा, मावशीच्या घरी. त्या मंगळवारी मनकवडीने साडेदहाला फोन करून कळवलं की आज जमत नाही. संदर्भसूची चुकली होती, ती दुरुस्त करायची होती. मावशी म्हणाली, काही हरकत नाही, पुढच्या मंगळवारी ये. पुढच्या मंगळवारी मनकवडीने सांगितलं की डोकं दुखतंय. डोकंबिकं काही दुखत नव्हतं, अकरावी मुलाखत उतरवायची राहिली होती आणि मॅडम मागे लागल्या होत्या. मावशीला मात्र तिची काळजी वाटली.

"मग झोप काढ बघू. डोळ्यांना ताण देऊ नकोस. सुईत दोरा ओवून ओवून माझे गेलेत, मला माहीत आहे. आणि घाई कसली? मी कुठे पळून जातेय? बसलेच आहे."

तिसरा मंगळवार पक्का करायला मनकवडीने सोमवारी फोन लावला तो दुसऱ्याच एका बाईने उचलला. "आई शुक्रवारी गेली," ती म्हणाली. "आपण कोण?"

 आपण कोण हे मनकवडीने सांगितलंच नाही. चुकून लागला म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आता सांगा, प्रबंध द्यायला उरले होते अठरा दिवस. नवं माणूस शोधायचं, संमती घ्यायची, मुलाखत घ्यायची, उतरवायची, तिचा अर्थ लावायचा, हे अठरा दिवसांत होणं शक्य नव्हतं. बाराच्या जागी अकरा दिले तर मॅडम मुदत वाढवून घ्यायला लावणार, म्हणजे सहा महिने. आणि मोठ्या इस्पितळातली जागा तिच्यासाठी फक्त पुढच्या महिन्यापर्यंत राखून ठेवलेली. घरात वडिलांनी ती गोष्ट अर्ध्या गावाला सांगून टाकलेली. पोरगी कात्रीत सापडली.

एका रविवारी दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना, तिने बारावी मुलाखत लिहून काढली. मनानेच. अकरा जणांना ऐकून ऐकून अशी माणसं कशी बोलतात ते तिला पाठ झालं होतं. कुठे अडखळतात, कुठे विषय बदलतात, कुठे उगाच हसतात. मावशीचा तो बारीक आवाज कानात होताच. नवरा येऊन खुर्ची ओढून बसतो, असं तिने मावशीच्या तोंडी घातलं. आणि "ते आलेत हे तुम्हाला कशावरून कळतं?" या प्रश्नानंतर तिने कंसात लिहिलं: शांतता, एक्केचाळीस सेकंद. चाळीस लिहिलं तर ठरवून लिहिल्यासारखं दिसेल म्हणून एक्केचाळीस. तेवढ्यापुरती तिला आपल्या हुशारीची गंमतसुद्धा वाटली. आई चहा घेऊन आली, "किती गं राबतेस," म्हणाली, तेव्हा मात्र तिला वर बघवलं नाही.

मॅडमनी मसुदा वाचला आणि तिला बोलावून घेतलं. मॅडम म्हणजे कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. पाच वर्षांत कोणाला "बरं आहे" म्हणाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"ही बारावी," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या प्रबंधाचा जीव आहे. एक्केचाळीस सेकंद गप्प राहिलीस? मध्ये बोलली नाहीस, घाई केली नाहीस?"

"नाही मॅडम."

"हेच शिकवता येत नाही गं. मला जमायला दहा वर्षं लागली." मॅडमनी पानावर हलकेच थोपटलं. "बाहेरचे परीक्षक गुरुवारी येताहेत. त्यांना ही शांतता ऐकवू. तो प्रश्न, ती शांतता आणि पुढचं एक वाक्य, एवढाच तुकडा काढून आण."

मनकवडीकडे असा तुकडाच नव्हता. मान डोलावून ती बाहेर आली आणि जिन्यातच बसली. एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात. पण हिला जे लागणार होतं ते ऐकून कोणालाही हसू आलं असतं. हिला नुसती शांतताच तर बनवायची होती! प्रश्न स्वतःच्या आवाजात विचारायचा, एक्केचाळीस सेकंद गप्प बसायचं आणि शेवटी तोंडावर रुमाल धरून एक वाक्य म्हाताऱ्या आवाजात म्हणायचं. मिनिटभराचं काम.

मंगळवारी सकाळी अकराला समुपदेशनाची खोली रिकामी होती. तिने तीच वेळ मागून घेतली. मंगळवार आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. छोटीशी खोली, खाली जाड गालिचा, दोन खुर्च्या जरा तिरक्या मांडलेल्या, मध्ये टेबलावर कागदी रुमालांचा डबा. घड्याळ समोरच्या खुर्चीच्या मागे, भिंतीवर. ते मुद्दामच तिथे लावतात. म्हणजे बोलणाऱ्याला न कळता आपल्याला वेळ बघता येते.

तिने यंत्र सुरू केलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "ते आलेत हे तुम्हाला कशावरून कळतं, मावशी?"

मावशी हा शब्द लिहिलेल्या मुलाखतीत नव्हता. तो आपसूक तोंडातून गेला. मग ती घड्याळाकडे बघत बसली. दहा सेकंद. वीस. रिकाम्या खोलीत एक्केचाळीस सेकंद म्हणजे काय हे तिला तोवर ठाऊक नव्हतं, लिहिताना ते कंसात दोन शब्दांत मावतात. तीस सेकंदांच्या पुढे तिला वाटायला लागलं की आपण समोर बघायला हवं, कोणीतरी वाट बघत असताना घड्याळाकडे बघणं बरं नाही. पण तिने बघितलं नाही. एक्केचाळीस झाले. रुमाल तोंडाशी नेला, पण वाक्य काही केल्या निघेना. आणखी थोडा वेळ ती तशीच बसली, मग यंत्र बंद केलं.

पुन्हा करावं म्हणून तिने आधी झालेलं ऐकून बघितलं. कानात आधी तिचाच प्रश्न आला. मग शांतता. पस्तिसाव्या सेकंदाला खुर्ची ओढल्याचा आवाज आला, फरशीवर लाकडी पाय घासल्याचा, खर्रकन. मनकवडीने खाली बघितलं. पायाखाली गालिचा होता. या खोलीत खुर्ची फेकली तरी आवाज होत नाही.

मग एक्केचाळीस झाले आणि बारीक आवाजात कोणीतरी म्हणालं, "दोन खुर्च्या मांडल्या होत्या गं. दोन्ही मंगळवारी."

 कानातलं उपसून ती दाराबाहेर पळाली आणि व्हरांड्यात उजेडात जाऊन उभी राहिली. माणसं येत होती, जात होती, कोणीतरी कोणाला तरी परीक्षेचं वेळापत्रक विचारत होतं. तिने स्वतःला समजावलं, इतक्या दिवसांचं जागरण आहे, अपराधी मन आहे, कान वाजताहेत. अशी प्रकरणं तिने स्वतःच्याच प्रबंधात लिहिली होती, पान त्रेसष्टवर. खात्री करायची सोपी वाट होती. दुसऱ्या कोणाला तरी ऐकवायचं.

रेकॉर्डिंगवाले काका तळमजल्यावर बसत. विभागाची सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात. वीस वर्षं ते दुसऱ्यांची दुःखं ऐकत आलेले, त्यामुळे कशानेच न हलणारे. त्यांनी कानाला लावलं, ऐकलं आणि मान वर न करता म्हणाले, "म्हाताऱ्या बाईंचा आवाज फार बारीक आलाय, ताई. वाढवू का?"

मनकवडीने टेबलाची कड धरली.

"आणि हे शेवटचं वाक्य जरा विचित्र वाटतंय," काका पुढे म्हणाले. "खुर्च्याबिर्च्या काय ते. मॅडमना शांतताच हवी आहे ना? मग हे कापतो. शांतता तेवढी ठेवू. एका मिनिटात होईल." त्यांचं बोट बटणावर गेलंसुद्धा.

तुम्ही म्हणाल, त्यात विचार कसला करायचा. पण तिने केला, लपवून काय उपयोग. ते वाक्य कापलं की तिच्या हातात हवी तशी शांतता उरत होती. गुरुवार निभावणार होता, इस्पितळातली जागा मिळणार होती, वडिलांची मान खाली जाणार नव्हती. मावशीने तिला जे सांगायचं होतं ते कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच. एवढंच वाक्य, आणि तेही कापायचं.

"नको काका," ती म्हणाली. "काढू नका. जसं आहे तसं एका कार्डावर घालून द्या. आणि यंत्रावरचं पुसून टाका."

"पुसू? प्रत नको ठेवायला?"

"नको."

मावशीचा पत्ता संमतीपत्रावर होता. दुपारी ती तिथे पोहोचली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं, आत खोकी भरून ठेवलेली. लेक आईचं घर आवरत होती. चाळिशीतली, केस वर बांधलेले, हाताला धूळ. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. आणि खिडकीपाशी दोन लाकडी खुर्च्या होत्या, जराशा तिरक्या, एकमेकींकडे वळलेल्या.

मनकवडीचे पाय उंबऱ्यातच थांबले. "मी विद्यापीठातून आले. तुमच्या आईंची मुलाखत..."

"तुम्ही होय!" लेकीचा चेहराच उजळला. "या, या ना. आईने सांगितलं होतं, एक मुलगी येणार आहे म्हणून. कशासाठी ते काही बोलली नाही. मला फोनवर रोज सांगायची, खुर्च्या मांडून ठेवल्यात, पुसून ठेवल्यात. आवराआवर करताना तुमचा कागद सापडला, त्यावर लिहिलंय की आवाज रेकॉर्ड करणार. दोन दिवस शोधतेय मी तुमचा नंबर. अहो, माझ्याकडे आईचा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत ढीगभर, पण आवाज नाही. तुमच्याकडे असेल ना? एकदाच ऐकवा मला."

तिने मनकवडीला बसवायला म्हणून एक खुर्ची पुढे ओढली. फरशीवर लाकडी पाय घासले, खर्रकन. तोच आवाज. मनकवडी बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. मी आलेच नाही. पहिल्या मंगळवारी आले नाही, दुसऱ्या मंगळवारी खोटं बोलले. त्या सोमवारी फोन आला होता ना चुकून लागलेला, तो माझाच. आणि तुमची आई गेल्यावर तिच्या नावावर मी माझ्या मनाने मुलाखत लिहिली.

लेकीच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. 

"म्हणजे ती वाट बघत बसली," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिच्या तोंडी तुमचे शब्द घातलेत. लाज नाही वाटली?"

"वाटली. पण केलं."

"चालत्या व्हा."

"जाते. पण हे तुमचं आहे." मनकवडीने कार्ड घातलेलं यंत्र आणि कानात घालायची तार तिच्यापुढे धरली. "हे मी लिहिलेलं नाही. हे कसं आलं ते मला सांगता येणार नाही, विचारू नका. जेमतेम मिनिटभराचं आहे. ऐका आणि मग हवं तर जिन्यावरून ढकलून द्या मला."

लेकीने ते हिसकावूनच घेतलं. कानात घातलं, पाठ वळवून एका खुर्चीत बसली. मनकवडी दारात उभी राहून मोजत होती, सवयच तिची. प्रश्न, मग शांतता, मग ते वाक्य, मग संपलं. संपायला हवं होतं. लेक उठली नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली. ती मान किंचित कलती करून ऐकत होती, आई काही सांगत असली की लेकी ऐकतात तशी. समोरची खुर्ची रिकामी होती. मध्येच लेक हसली. एकदा डोळे पुसले. आणि एकदा अगदी हळू म्हणाली, "हो गं. ठेवलाय जपून, टाकला नाही."

मनकवडीला वाटलं जावं, पण पाय निघेना. भीती वाटत होती, हे खरंच. पण भीतीपेक्षाही जास्त हे वाटत होतं की आत जे चाललं होतं ते मावशीला आधी आपल्याला सांगायचं होतं आणि आपल्याला तेव्हा वेळ नव्हता. वीसेक मिनिटांनी लेकीने कानातलं काढलं, यंत्र मांडीवर ठेवलं.

"आई म्हणते, पोरीवर रागावू नकोस." तिने नाक पुसलं. "मी रागावणार आहे. मला हक्क आहे. पण तिचा निरोप होता म्हणून सांगितला."

बुधवारी मनकवडी मॅडमपुढे उभी राहिली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "शब्द खोटे लिहिणारे खूप बघितले," त्या म्हणाल्या. "शांतता खोटी लिहिणारी तूच पहिली." मग विचारलं, "ते काकांनी ऐकलं म्हणतेस, ते कुठे आहे?"

"देऊन टाकलं, मॅडम. प्रत ठेवली नाही."

 मॅडमनी मसुद्यातून बारावी मुलाखत काढली, तिचे दोन तुकडे केले आणि समितीला पाठवायचं पत्र तिच्याकडूनच लिहून घेतलं. चौकशी झाली, प्रबंध सहा महिने लांबला, इस्पितळातली जागा दुसऱ्या कोणाला गेली. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भावाने मात्र एकदाही मनकवडी म्हटलं नाही, ते तिला जास्त लागलं.

बारावं माणूस शोधायला परवानगी मिळाली, पण कोणाचं दार ठोठावायचं धाडस तिला होईना. दोन महिन्यांनी एक दिवस फोन वाजला. मावशीची लेक होती.

"बारावी मिळाली का तुम्हाला?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ हेच.

"नाही अजून."

"मग माझी घ्या. मलाही सांगायचं आहे, आणि इथे सांगणार कोणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेईल. मी आईचं घर सोडलं नाही, तिथेच राहतेय. तुमचे कागद आणा, सही करते. मंगळवारी अकराला. आणि या वेळी या."

मंगळवारी मनकवडी पावणेअकरालाच जिना चढत होती. दार उघडं होतं. खोकी गेली होती, शिवणयंत्रावरची चादरही निघाली होती, कोणीतरी ते तेल घालून पुसलेलं दिसत होतं. खिडकीपाशी तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका खुर्चीत लेक बसली होती, दुसरीवर एक जुनी चपटी उशी होती, तिसरी दाराकडे वळवून ठेवलेली. तिसरी आपली, हे मनकवडीला कोणी सांगावं लागलं नाही.

तिने सही घेतली, यंत्र मध्ये ठेवलं, सुरू केलं. पहिला प्रश्न विचारला. लेक बोलायच्या आधी गप्प झाली, खिडकीबाहेर बघत राहिली. भिंतीवर मनकवडीच्या बरोबर समोर घड्याळ होतं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती उशीवाल्या खुर्चीकडे बघत बसून राहिली, पलीकडून कोणीतरी बोलायला सुरुवात करेपर्यंत.